‘जलवाहिनी लाल रंगाची असते’

नववीचा विज्ञानाचा तास माझ्याकडे आला त्याच वर्षी शाळेला प्रोजेक्टर मिळाला. मला वाटलं, सुटले! वनस्पतींच्या ऊती शिकवायच्या म्हणून रात्रभर बसून चाळीसएक चित्रं गोळा केली आणि पस्तीस मिनिटांच्या तासात सगळी दाखवली. पोरं खूश, मी खूश. घटक चाचणीत निम्म्या वर्गाने लिहिलं, ‘जलवाहिनी लाल रंगाची असते आणि रसवाहिनी हिरव्या.’

(जलवाहिनी म्हणजे झाडात पाणी वाहून नेणारी ऊती, रसवाहिनी म्हणजे अन्न नेणारी.) चूक त्यांची नव्हतीच. पडद्यावर जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. तो लाल रंग सॅफ्रानिनचा, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या पातळ कापाला लावतात त्या रंगद्रव्याचा. जलवाहिनीच्या भिंतीत लिग्निन नावाचा कडक पदार्थ असतो, त्याला तो धरतो. बाकीच्या पातळ भिंती फास्ट ग्रीन या दुसऱ्या रंगद्रव्याने हिरव्या होतात. न रंगवलेला काप काचपट्टीवर जवळजवळ पारदर्शकच दिसतो. हे मला बी.एस्सी.पासून माहीत होतं, पण वर्गात सांगायचं सुचलं नाही. आता पहिलं चित्र बिनरंगाच्या कापाचं, मग तोच काप रंगवलेला. आणि ‘लाल ते जलवाहिनी’ असं कधी म्हणत नाही. मोठं तोंड, जाड भिंत, हे बोट ठेवून दाखवते. वर्गात लाल-हिरवा फरक न कळणारा एखादा मुलगा असतोच, त्याचीही सोय होते.

दुसरी गोची आडव्या छेदाची. आपल्याला त्या वर्तुळात खोड दिसतं, मुलांना नुसती नक्षी दिसते. आमच्याकडे उसाला तोटा नाही, म्हणून मी प्रोजेक्टर लावण्याआधी एक कांडं आणते. धारदार सुरीने सपाट कापलं की सगळीकडे विखुरलेले बारीक ठिपके, म्हणजे जलवाहिनी-रसवाहिनीच्या जुड्या, नुसत्या डोळ्यांनी दिसतात. मग तेच कांडं चघळायला देते. चोथ्यात जे धागे दाताला लागतात, तेच मघाचे ठिपके, उभे. त्यानंतर मक्याच्या खोडाचा छेद पडद्यावर आला की समजवावं लागत नाही. मागोमाग सूर्यफुलाचा लावायचा आणि गप्प बसायचं. ‘यात ठिपके गोल रांगेत बसलेत’ हे कुणीतरी आपणहून म्हणतं. एकदलिकित (ऊस, मका) आणि द्विदलिकित (सूर्यफूल) हे शब्द त्यानंतर.

तेरड्याचा प्रयोग पावसाळ्यातच उरकून घ्या, गौरी-गणपतीनंतर तेरडा शोधत फिरावं लागतं. रोप लाल शाईच्या पाण्यात ठेवून मोबाईल एका जागी पुस्तकांच्या चळतीवर टेकवा आणि दर पंधरा मिनिटांनी फोटो घ्या. खोड अर्धपारदर्शक असल्याने लाल रेघ वर चढताना दिसते. हे फोटो पडद्यावर भराभर पुढे सरकवले की पाणी चढतंय असंच वाटतं. पण इथे लाल रंग आला तो पाण्याबरोबर, आणि मघाचा लाल रंग काप रंगवल्यामुळे. दोन्ही लाल वेगळे, हे सांगितलं नाहीत तर तुमच्याही चाचणीत माझंच वाक्य येईल.

थोडं यंत्राबद्दल. पडदा असला तरी गुंडाळून ठेवा, चित्र थेट पांढऱ्या फळ्यावर टाका. एका मुलाला मार्कर देऊन बाह्यरेषा गिरवायला लावा, दुसऱ्याला नावं द्यायला. मग प्रोजेक्टर बंद. फळ्यावर जे उरतं तीच नामनिर्देशित आकृती, पोरांनी स्वतः काढलेली, आणि परीक्षेत तीच काढायची असते. वीज गेली तरी तास बुडत नाही, हा वरचा फायदा.

चित्राखाली ४००×, म्हणजे चारशे पट मोठं, असं लिहिलेलं असतं. भिंतीवर ते चित्र दोन मीटर रुंद झालं की तो आकडा निरर्थक होतो. त्यापेक्षा मोजपट्टीची रेघ असलेलं चित्र घ्या, चित्र ताणलं तरी रेघ त्याच प्रमाणात ताणली जाते. मी एकदा साधी प्लॅस्टिकची पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून नेत्रिकेतून (डोळा लावायच्या भिंगातून) मोबाईलने फोटो काढला. १०×च्या वस्तुभिंगाखाली (वस्तूजवळच्या भिंगाखाली) मिलिमीटरच्या जेमतेम दोन रेघा मावल्या. तो फोटो पाहून वर्ग जेवढा गप्प झाला, तेवढा माझ्या ओरडण्याने कधी झाला नाही.

नेटवरून घेतलेल्या चित्रांत मुळाचं टोक पुष्कळदा वर असतं. मी तसंच दाखवलं आणि वह्यांत मूलटोपी, म्हणजे मुळाच्या टोकावरचं आवरण, वर आली. विचारलं तर उत्तर मिळालं, ‘टोपी डोक्यावरच असते ना, बाई!’ तेव्हापासून चित्र आधी उलटं करून घेते.

वाढ शिकवताना मात्र प्रोजेक्टरने खरी कमाल केली. ओल्या टिपकागदावर मका रुजवायचा. मूळ दोन-तीन सेंटिमीटरचं झालं की शाईत बुडवलेल्या दोऱ्याने टोकापासून मागे दोन-दोन मिलिमीटरवर खुणा करायच्या. (पेनने करू नका, मूळ दुखावतं. मी पहिल्या खेपेला पाच रोपं घालवली.) युलियस साक्स या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात अशाच खुणा करून मुळांची वाढ मोजली होती. आजचा फोटो आणि उद्याचा फोटो पडद्यावर शेजारी-शेजारी लावायचे. दाखवण्याआधी विचारते, कुठल्या खुणा लांब गेल्या असतील? बहुतेक जण सांगतात, वरच्या, म्हणजे दाण्याजवळच्या. फोटोत तिथल्या खुणा जागच्या जागी असतात आणि टोकाजवळच्या पार फाकलेल्या. अंगणातल्या आंब्याला दोरीसाठी ठोकलेला खिळा वर का सरकत नाही, हे विचारायला हीच वेळ.

‘म्हणजे केसांच्या उलट,’ एक मुलगी म्हणाली. बरोबरच होतं. मी पुढचं चित्र लावणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, ‘बाई, मग गवत? विळ्याने टोक तर गेलेलं असतं, तरी वाढतंच की!’

त्याचं चित्र माझ्याकडे नव्हतं. सगळा वर्ग मैदानावर नेला आणि प्रत्येकाला गवताचं एकेक ताट हळूच ओढायला सांगितलं. पेराजवळ सुटून आलेलं बूड फिकट, मऊ, दाताखाली गोडसर. वाढ तिथे चालू होती. आंतरीय विभाजी ऊती, म्हणजे टोकाला नाही तर मधे पेराजवळ वाढ करणारी ऊती, हा शब्द मी तिथेच उभ्याने सांगितला. वर्गातला प्रोजेक्टर शेवटी शिपाईमामांनी बंद केला.