गेमिंगसाठी लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डांची तुलना कशी करावी

गेम अडखळायला लागला की पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर जातो. लॅपटॉपच्या बाबतीत अडचण अशी की बहुतेक मॉडेल्समध्ये ग्राफिक्सची चिप मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, ती काढून दुसरी बसवता येत नाही. पूर्वी काही जाडजूड गेमिंग लॅपटॉपमध्ये एमएक्सएम प्रकारचं सुटं मॉड्यूल असायचं. आज फ्रेमवर्क लॅपटॉप १६ सारखा एखादाच अपवाद सापडतो, ज्याचं ग्राफिक्स मॉड्यूल बदलता येतं. बाकीच्यांसाठी कार्ड अपग्रेड करायचं म्हणजे अख्खा लॅपटॉपच नवा घ्यायचा. एवढा मोठा खर्च करायचा तर तुलनाही कसून व्हायला हवी, आणि तिची सुरुवात हातातल्या लॅपटॉपपासून व्हावी असं माझं ठाम मत आहे.

१. आहे तो लॅपटॉप पूर्ण ताकदीने चालतोय का?

गेम खेळताना मूळ चार्जर लावलेलाच हवा. बॅटरीवर कार्डाला मिळणारी वीज खूप कमी होते, आणि यूएसबी-सीवरच्या छोट्या चार्जरनेही पुरेशी मिळत नाही. उत्पादकाच्या अ‍ॅपमधून परफॉर्मन्स मोड निवडा. पंख्यांच्या जाळीत धूळ साचली असेल तर ती काढून घ्या.

मग रॅम बघा. १६ जीबीची एकच स्टिक असेल तर मेमरी सिंगल चॅनलवर (एकाच मार्गावर) चालते आणि प्रोसेसर रखडतो. रिकाम्या स्लॉटमध्ये दुसरी स्टिक टाकल्यावर काही गेममध्ये जाणवण्याइतका फरक पडतो, आणि तोही नव्या लॅपटॉपच्या तुलनेत नगण्य खर्चात.

अजून एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये वेगळ्या कार्डाने काढलेलं चित्र प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्समधून फिरून मग स्क्रीनवर येतं. बॅटरी वाचवायला ही सोय चांगली आहे, पण गेममध्ये तिच्यामुळे थोडे फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) जातात. लॅपटॉपमध्ये मक्स स्विच (स्क्रीन कोणत्या ग्राफिक्सला जोडायचा ते बदलणारी सोय) असेल तर डिस्क्रीट मोड निवडून रीस्टार्ट करा, म्हणजे कार्ड थेट स्क्रीनला जोडलं जाईल. काही मॉडेल्समध्ये अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्टिमस असतं, तिथे हे काम रीस्टार्टशिवाय होतं.

२. अडथळा कार्डाचाच आहे का, ते मोजा

ही पायरी गाळू नका. एमएसआय आफ्टरबर्नर किंवा एचडब्ल्यूइन्फो यांपैकी एक, कार्डाचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर टाका आणि गेम चालू असताना पाच आकडे डोळ्यांसमोर ठेवा: कार्डाचा वापर, कार्डाचं तापमान, क्लॉक (चिपचा वेग), वॉट (कार्ड ओढत असलेली वीज) आणि एफपीएस (दर सेकंदाचे फ्रेम). तुम्हाला सर्वात जड वाटणारा एक प्रसंग निवडा, म्हणजे गजबजलेला चौक किंवा धुरात चाललेली लढाई, आणि तोच पुन:पुन्हा खेळा. लॅपटॉप तापायला वेळ लागतो, त्यामुळे पहिल्या दोन-तीन मिनिटांतले आकडे धरू नका. वीसेक मिनिटं खेळल्यावर जे दिसतं ते खरं.

कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर कार्ड आपलं सगळं बळ लावतंय आणि तरी पुरं पडत नाहीये. वापर ६०-७० टक्क्यांवर घुटमळत असेल आणि एफपीएसवर कुठली मर्यादाही घातलेली नसेल, तर कार्ड प्रोसेसरची वाट बघत बसलंय. खात्री करायची असेल तर गेमचं रिझोल्यूशन एक पायरी खाली आणा. एफपीएस वाढले तर अडथळा कार्डाचा होता. जवळपास तेवढेच राहिले तर प्रोसेसरचा. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ कमी सेटिंगवर खेळणाऱ्यांना हा दुसरा अनुभव बऱ्याचदा येतो. अशा वेळी केवळ कार्ड बघून नवा लॅपटॉप घेतला तर पदरी निराशाच पडते.

तिसरी शक्यता तापमानाची. वीसेक मिनिटांनी कार्ड ८५-८७ अंशांवर पोचलं आणि क्लॉक हळूहळू उतरायला लागला, तर कार्डाची ताकद कमी नाही, उष्णता बाहेर जायला वाट नाही. तिथे सफाई आणि नवी थर्मल पेस्ट (चिपची उष्णता वाहून नेणारा लेप) हाच आधीचा उपाय.

३. कार्डाच्या नावापुढचे वॉट वाचा

कार्ड खरंच कमी पडतंय हे ठरलं की मग नव्याची तुलना. आणि इथे 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' हा प्रकार नको तितका आढळतो.

पहिला घोळ डेस्कटॉप आणि लॅपटॉपच्या नावांचा. एनव्हिडियाच्या डेस्कटॉपवरच्या आरटीएक्स ४०९० मध्ये १६,३८४ कूडा कोअर (चिपमधले छोटे गणना-घटक), २४ जीबी मेमरी आणि ४५० वॉटची मर्यादा आहे. लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०९० मध्ये ९,७२८ कोअर आणि १६ जीबी मेमरी आहे, आणि त्याची मूळ चिप डेस्कटॉपच्या ४०८० मध्ये वापरलेली. नाव एकच, वस्तू पूर्ण वेगळी. त्यामुळे डेस्कटॉप कार्डाचे आकडे लॅपटॉपसाठी धरूच नका.

दुसरा घोळ जास्त फसवा आहे, कारण तो लॅपटॉप-लॅपटॉपमध्येच असतो. लॅपटॉपचं आरटीएक्स ४०६० हे ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही विजेवर चालवायची मुभा उत्पादकाला आहे. या आकड्याला टीजीपी (टोटल ग्राफिक्स पॉवर) म्हणतात. ३५ वॉटचं ४०६० आणि ११५ वॉटचं ४०६० यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तरी डब्यावर दोन्हीचं नाव तेच. पूर्वी कमी वॉटच्या आवृत्तीच्या नावातच 'मॅक्स-क्यू' असायचं, पण २०२१ मध्ये लॅपटॉपची आरटीएक्स ३० मालिका आली तेव्हापासून ती खूण नावातून गेली. एएमडीच्या रेडिऑन ७६००एस मधला 'एस' मात्र पातळ लॅपटॉपची, कमी विजेची आवृत्ती अजून सांगतो.

स्पेसिफिकेशनमध्ये अशी ओळ शोधा: 'आरटीएक्स ४०७०, ८ जीबी, कमाल ग्राफिक्स पॉवर १४० वॉट'. तिच्या तळाशी बारीक अक्षरात बहुधा '११५ वॉट + २५ वॉट डायनॅमिक बूस्ट' असं असतं. हे २५ वॉट प्रोसेसरच्या वाट्यातून उसने घेतलेले असतात, आणि प्रोसेसर मोकळा असेल तेव्हाच मिळतात. दोन लॅपटॉपची तुलना करताना दोन्हीकडे बूस्टसकट किंवा दोन्हीकडे बूस्टशिवाय, असा एकच आकडा घ्या. पानावर वॉट दिलेच नसतील तर विक्रेत्याला विचारा, किंवा त्याच मॉडेलचं तपशीलवार परीक्षण नोटबुकचेकसारख्या संकेतस्थळावर शोधा. वॉट कुठेच सापडले नाहीत तर मी तरी तो लॅपटॉप यादीतून काढून टाकेन.

कोअरची संख्याही एकटी बघू नका. लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ४,६०८ कोअर आहेत आणि ४०६० मध्ये ३,०७२, म्हणजे दीडपट. पण विजेची मर्यादा दोघांना सारखीच, मेमरी दोघांकडे ८ जीबी आणि मेमरीची बसही (मेमरीतून डेटा नेणारी वाट) १२८ बिटांचीच. त्यामुळे गेममध्ये फरक दीडपटीच्या बराच आत राहतो, आणि कमी वॉटचं ४०७० पूर्ण वॉटच्या ४०६० च्या मागेही पडू शकतं.

४. मेमरी किती हवी?

व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, नंतर वाढवता येत नाही, म्हणून हा प्रश्न आजच्या गेमपुरता विचारू नका. व्हीरॅम संपल्यावर एफपीएसची सरासरी बरी दिसते, पण मध्येच झटके बसतात आणि टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) धूसर होतात. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या (ग्राफिक्स चिपच्या) पानावर डेडिकेटेड मेमरी काठोकाठ भरलेली आणि शेअर्ड मेमरी चढत चाललेली दिसली, की हाच त्रास समजा.

२०२५ मध्ये आलेल्या लॅपटॉप कार्डांत आरटीएक्स ५०६० आणि ५०७० दोन्हीला ८ जीबी, ५०७० टीआयला १२, ५०८० ला १६ आणि ५०९० ला २४ जीबी आहे. ८ वरून १२ जीबीची उडी ५०७० आणि ५०७० टीआय यांच्यामध्ये येते, आणि लॅपटॉप बरीच वर्षं वापरायचा असेल तर मला तीच उडी पैसे टाकण्याजोगी वाटते. ४ किंवा ६ जीबीच्या कार्डावरून आणखी एका ६ जीबीच्या कार्डावर जाणं टाळा. मे २०२५ मध्ये आलेल्या 'डूम: द डार्क एजेस'ची किमान अटच रे ट्रेसिंगचं (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र रंगवण्याचं) हार्डवेअर आणि ८ जीबी मेमरी अशी आहे. जीटीएक्स १६५० किंवा १६६० टीआयवाल्यांसाठी असे गेम म्हणजे अपग्रेडचं सर्वात ठोस कारण.

५. स्क्रीनचा हिशोब

१९२०×१०८० च्या स्क्रीनवर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, तर २५६०×१६०० वर जवळपास ४१ लाख. म्हणजे नव्या लॅपटॉपचा स्क्रीन मोठ्या रिझोल्यूशनचा असेल तर कार्डाला दुप्पट पिक्सेल रंगवायचे आहेत, आणि जुन्या लॅपटॉपच्या तुलनेत मिळालेली आघाडी त्यातच खर्च होऊ शकते.

६. बेंचमार्क वाचायची रीत

थ्रीडीमार्कच्या टाइम स्पायसारख्या चाचणीचा स्कोअर अंदाजापुरता घ्या. खरे आकडे तुमच्या गेममधले. परीक्षणात रिझोल्यूशन, सेटिंग आणि लॅपटॉपचं नेमकं मॉडेल दिलेलं आहे का, ते बघा. सरासरी एफपीएसच्या शेजारी 'वन पर्सेंट लो'चा आकडा शोधा. सर्वात मंद एक टक्का फ्रेम किती मंद होतात ते त्यातून कळतं, आणि हाताला जाणवतं तेही तेच.

उत्पादकांच्या आलेखांत डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करणारं एनव्हिडियाचं तंत्र) आणि फ्रेम जनरेशन (खऱ्या फ्रेमच्या मध्ये कृत्रिम फ्रेम घालणं) चालू आहे का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. जानेवारी २०२५ मध्ये सीईएस या तंत्रज्ञान प्रदर्शनाच्या मंचावर एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी डेस्कटॉपचं ५०७० हे ४०९० इतकी कामगिरी देईल असं सांगितलं, ते डीएलएसएस ४ च्या कृत्रिम फ्रेम धरून. अशा फ्रेममुळे हालचाल गुळगुळीत दिसते, पण माउसच्या हालचालीला मिळणारा प्रतिसाद खऱ्या फ्रेमवरच अवलंबून राहतो. मुळातले एफपीएस ३० असतील तर फ्रेम जनरेशनने १०० दिसूनही खेळ जडच लागतो. म्हणून आधी ही सोय बंद ठेवून तुलना करा, आणि ती चालू केल्यावर जे वाढेल ते वरचं समजा.

७. फरक मिलिसेकंदांत मांडा

१००० ला एफपीएसने भागलं की एका फ्रेमला लागणारा वेळ मिळतो. ४० एफपीएसवर तो २५ मिलिसेकंद, ६० वर १६.७. म्हणजे ८.३ मिलिसेकंद वाचले. १२० वरून १४० वर गेलात तर ८.३ चे ७.१ होतात, वाचले जेमतेम १.२. दोन्हीकडे वाढ २० फ्रेमचीच, पण पहिली कुणालाही जाणवेल, दुसरी क्वचितच.

दुसऱ्या पायरीत मोजलेले तुमचे आकडे आणि परीक्षणातले आकडे असे शेजारी-शेजारी मांडा. जड गेम ४०-४५ वर अडकलेत आणि नवं कार्ड त्याच सेटिंगवर ७० च्या पुढे नेतंय, तर खर्च सार्थकी लागेल. फरक २०-२५ टक्क्यांचाच दिसत असेल तर थांबा. शॅडो आणि व्हॉल्युमेट्रिक धुकं एक पायरी खाली आणून तेवढे फ्रेम बऱ्याच गेममध्ये फुकट मिळतात.

लॅपटॉपला थंडरबोल्टचा (वेगवान जोडणीचा) पोर्ट असेल तर बाहेरून डेस्कटॉप कार्ड जोडायचा मार्गही आहे. थंडरबोल्ट ३ आणि ४ ची मर्यादा ४० गिगाबिट प्रतिसेकंद असल्यामुळे कार्डाची काही ताकद वाटेतच जाते, आणि चित्र लॅपटॉपच्याच स्क्रीनवर परत आणलं तर आणखी. वेगळा मॉनिटर असेल आणि प्रोसेसर दमदार असेल, तरच याचा विचार करा.

नवा लॅपटॉप घेतलाच, तर परत करण्याची मुदत संपायच्या आत तपासणी उरका. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये कमाल ग्राफिक्स पॉवर लिहिलेली असते, ती जाहिरातीतल्या आकड्याशी जुळवा. मग जड गेम अर्धा तास चालवून एचडब्ल्यूइन्फोमध्ये कार्ड प्रत्यक्षात किती वॉट ओढतंय ते बघा. कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असूनही वॉट सांगितलेल्या आकड्याच्या बरेच खाली राहत असतील, तर आधी परफॉर्मन्स मोड आणि चार्जर तपासा. तेही ठीक असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि लॅपटॉप परत करा.