उसवलेल्या लोकरीचे वळ कसे काढले

उसवलेला धागा कुरळाच विणला की टाके लहानमोठे पडतात. आधी तुकडा जाळून पाहिला: खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो, राख चुरगळते, ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा, वितळून कडक मणी होतो. बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, लोकर म्हणून मिळतं त्यात ॲक्रिलिकच फार!

धागा खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी केली, चार ठिकाणी सैल बांधली. घट्ट बांधलं तर तिथेच वळ राहतो. लडी कोमट पाण्यात अर्धा तास बुडवली, चोळली नाही. चोळल्याने लोकर गुंतून नमद्यासारखी घट्ट होते. टॉवेलात दाबून सावलीत टांगली, वजन न लावता. ताणून वाळवलेला धागा पुढच्या धुण्यात आखडतो. नागपूरच्या कोरड्या थंडीत लवकर वाळते.

ॲक्रिलिकला दुरूनच वाफ द्या. इस्त्री टेकली की धागा कायमचा लुळा.