‘जो-तो’मधला ‘तो’ इंग्रजीत गाळा

माझी भाची दहावीला आहे. परवा तिच्या वहीत वाक्य दिसलं: ‘द बस दॅट गोज टू स्वारगेट, इट इज लेट.’ ही चूक मराठीच्या सवयीतून येते. ‘जी बस स्वारगेटला जाते, ती उशिरा येते’ असं आपण सहज बोलतो. ‘जी’ म्हटलं की मागोमाग ‘ती’ येतेच. इंग्रजीत ही जोडी नाही. ‘इट’ आणि त्याआधीचा स्वल्पविराम, दोन्ही खोडायचे: ‘द बस दॅट गोज टू स्वारगेट इज लेट.’ वाक्य लिहून झालं की ‘तो-ती-ते’साठी ही, शी, इट उगाच घुसलंय का तेवढं बघा. पोरांच्या निम्म्या चुका मला तिथेच सापडतात.

माणसाला ‘हू’, वस्तूला ‘विच’, हे बहुतेकांना येतं. खरी गंमत स्वल्पविरामात आहे. ‘माय ब्रदर हू लिव्हज इन कोथरूड’ असं सलग लिहिलं, तर भाऊ अनेक आणि त्यातला कोथरूडचा, असा अर्थ निघतो. एकच भाऊ असेल तर ‘ब्रदर’नंतर आणि ‘कोथरूड’नंतर स्वल्पविराम हवा. शनिवारवाडा तर एकच! म्हणून ‘शनिवारवाडा, विच वॉज कम्प्लीटेड इन 1732, इज इन शनिवार पेठ.’ अशा स्वल्पविरामानंतर ‘विच’च्या जागी ‘दॅट’ घालू नका. भाचीला मी हे वाड्यासमोरच्या पटांगणात बसून समजावलं, आणि पुढचं वाक्य तिनं लाल महालावर स्वतःच अचूक केलं.