'जस्ट नाउ' म्हणजे आत्ता नव्हे : जोहान्सबर्गला येणाऱ्या डिझायनरांसाठी

दर जानेवारीत मला चार-पाच मेसेज येतात. कुणाचा नवरा बदली होऊन जोहान्सबर्गच्या सँडटन भागात आलेला असतो, कुणी मुंबईच्या एजन्सीतून थेट आर्ट डायरेक्टर म्हणून उचललेला, कुणी नुकताच जे.जे.तून उपयोजित कला शिकून आलेला. प्रश्न सगळ्यांचा एकच : इथे काम कसं मिळतं? एकेकाला फोनवर तेच तेच सांगून माझा घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

आधी वेळेचं. क्लायंट म्हणाला "आय विल सेंड इट जस्ट नाउ", तर जेवून घ्या. 'जस्ट नाउ' म्हणजे आज कधीतरी, जमलं तर. 'नाउ नाउ' म्हणजे त्यापेक्षा जरा लवकर. पहिल्या महिन्यात मी या 'जस्ट नाउ'च्या भरवशावर रात्री दहापर्यंत ऑफिसात बसून राहिलो होतो. क्लायंट केव्हाच घरी जाऊन ब्राय पेटवून बसला होता. ब्राय म्हणजे अंगणातली मांस भाजायची शेगडी, आणि इथली निम्मी ओळखपाळख तिच्याभोवतीच होते. शाकाहारी असाल तर मक्याची कणसं घेऊन जा, कुणी हसत नाही.

वेळेचंच दुसरं : डिसेंबरात कुणाला पोर्टफोलिओ पाठवू नका. महिन्याच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हा देश समुद्रावर असतो. ऐन उन्हाळा. त्या काळात गेलेल्या मेल कुणी उघडत नाही, आणि परत आल्यावर पाचशे मेलच्या ढिगात तुमची खालची असते. जानेवारीचा तिसरा आठवडा उत्तम.

व्हिसाबद्दल फार लिहीत नाही, नियम बदलत राहतात. एवढंच करा : पदवीचं मूल्यांकन 'साक्वा' या सरकारी संस्थेकडून करून घ्यावं लागतं, ते भारतात असतानाच सुरू करा. विद्यापीठातून कागद काढायला लागणारा वेळ तुम्हाला माहीत आहेच. फ्रीलान्स करणार असाल तर इथलं करवर्ष फेब्रुवारीअखेर संपतं, मार्चअखेर नाही. प्रोव्हिजनल, म्हणजे आगाऊ भरायच्या कराचा पहिला हप्ता ऑगस्टअखेर, दुसरा फेब्रुवारीअखेर.

आता खरं काम. इथे १२ अधिकृत भाषा आहेत. आधी ११ होत्या, २०२३ साली खुणांची भाषा बारावी झाली. आपल्याला वाटतं, त्यात काय, आपण बहुभाषक देशातून आलोय, हिंदी-मराठी-गुजराती अॅडाप्टेशन करून हात बसलेला आहे. मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्याच मोठ्या कामात मी इंग्रजी हेडलाइनवर पोस्टर बांधलं. चार शब्द, मोठा टाइप, बाजूला भरपूर मोकळी जागा. देखणं झालं होतं. मग झुलू कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, आली. झुलूत कर्ता, कर्म, क्रियापद सगळं एकाच शब्दात जोडून लिहितात. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' एवढं सगळं म्हणजे 'न्गियाकुथांदा', एक सलग शब्द. तो मोडता येत नाही, आणि माझ्या रकान्यात मावत नव्हता. शेजारच्या सोथो भाषेत तेच वाक्य 'के आ ओ राता' असं चार तुकड्यांत पडतं, म्हणजे तिथे ओळ उलट भोकाभोकांची दिसते. एकाच चौकटीत दोन्ही बसवायला गेलो आणि टाइप इतका लहान करावा लागला की रस्त्यावरून वाचताच येईना. स्टुडिओतल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "लेआउट करताना झुलू वाचणाऱ्याचा विचार केला होतास की तो नंतर आला?" नंतरच आला होता. तेव्हापासून मी सगळ्यांत लांब शब्दाची भाषा आधी बसवतो, मग इंग्रजी.

हे फक्त टाइपचं नाही. या देशात 'हे कुणासाठी' हा प्रश्न शेवटी येऊन चालत नाही, कारण वर्णभेदाच्या काळात कितीतरी दशकं कुणी कुठल्या बाकावर बसायचं हे पाटी रंगवणाराच लिहीत होता. पाटीला इथे जुनी जखम आहे. त्यामुळे ब्रीफवर, म्हणजे काय बनवायचं हे सांगणाऱ्या क्लायंटच्या कागदावर, लोक जास्त वाद घालतात, आणि घालू द्या. जाहिरातीवर एका जरी ग्राहकाने तक्रार केली तरी अॅडव्हर्टायझिंग रेग्युलेटरी बोर्ड ती तपासायला घेतं. आपल्याकडे 'चलता है' म्हणून खपणारा रंगावरचा विनोद इथे खपत नाही. नांडोज या कोंबडीच्या हॉटेल-साखळीच्या जाहिराती बघून फसू नका. ते पुढाऱ्यांची टर उडवतात आणि सगळा देश हसतो, पण त्यांनी १९८७ पासून इथेच, रोझेटनव्हिलच्या एका छोट्या दुकानापासून, लोकांचा विश्वास कमावला आहे. (त्यांच्या दुकानांच्या भिंतींवरची चित्रं बघा. ती प्रिंट नसतात, इथल्या चित्रकारांची मूळ चित्रं असतात. कोंबडी खाता खाता प्रदर्शन होऊन जातं.)

आणि आता नाजूक गोष्ट. फॉर्मवर 'इंडियन' असा रकाना येईल. तो तुम्ही नाही. इथला 'इंडियन' म्हणजे १८६० पासून मद्रास आणि कलकत्त्याहून ऊस तोडायला आणलेल्या गिरमिट्यांचे आणि मागाहून आलेल्या व्यापाऱ्यांचे वंशज, ज्यांनी वर्णभेद भोगला. काळ्या लोकांना आर्थिक संधी देणाऱ्या बीईई कायद्यात त्यांची गणना होते. २७ एप्रिल १९९४ नंतर नागरिक झालेल्या तुमच्या-माझ्यासारख्यांची होत नाही. एजन्सीचा बीईई दर्जा बघून मोठे क्लायंट काम देतात, म्हणून कधी कधी तुमचा पोर्टफोलिओ आवडूनही जागा दुसऱ्याला जाईल. याचा राग धरणारे आपले लोक मी पाहिलेत. त्यांचं इथे फार जमत नाही. आरक्षणावरचे घरचे वाद विमानात ठेवून उतरा.

केपटाउनला गेलात तर आणखी एक आश्चर्य : तिथे कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. रत्नागिरीकडून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आलेली घराणी. त्यातली काही डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये राहत. १९६६ साली तो भाग 'गोऱ्यांचा' जाहीर झाला आणि साठ हजारांच्या आसपास माणसं उठवली गेली. तिथलं म्युझियम चुकवू नका. जमिनीवर पसरलेला रस्त्यांचा मोठा नकाशा आहे, त्यावर जुन्या रहिवाशांनी आपापली घरं हाताने लिहून दाखवली आहेत. माहितीचं डिझाइन म्हणून मी त्याहून चांगलं काही पाहिलेलं नाही.

पहिले सहा महिने नुसतं फिरा. कॉन्स्टिट्यूशन हिलपासून सुरुवात करा. जिथे गांधी आणि मंडेला दोघेही कैदेत होते त्या तुरुंगाच्या आवारात घटना न्यायालय उभं आहे, पाडलेल्या कोठड्यांच्या विटा भिंतींत वापरून. भल्यामोठ्या लाकडी दारावर हक्कनाम्यातले २७ हक्क कोरलेत. दारापाशी थांबा, घाई करू नका. फोटोग्राफीची आवड असेल तर न्यूटाउनची मार्केट फोटो वर्कशॉप ही शाळा बघा, छायाचित्रकार डेव्हिड गोल्डब्लॅटने १९८९ मध्ये सुरू केलेली. रोझबँकला कीज आर्ट माइल हा गॅलऱ्यांचा पट्टा पायी फिरता येतो, गाउट्रेनने जा. जुबेर पार्कमधल्या जोहान्सबर्ग आर्ट गॅलरीची इमारत नवी दिल्लीवाल्या लटयन्सची आहे. छत गळण्याचं तिचं रडगाणं फार जुनं आहे, शिवाय आजूबाजूचा भाग बरा नाही. उघडी आहे का ते विचारून, दोघं-तिघं मिळून, गाडीनेच जा. शहरभर दिव्यांच्या खांबांवर वर्तमानपत्रांचे मथळे टांगलेले दिसतील, पाच-सहा शब्दांत अख्खी बातमी. कॉपीरायटरांनी रोज ऑफिसला येता-येता ते वाचले तर वेगळा कोर्स करायला नको.

फेब्रुवारीत केपटाउनचा आर्ट फेअर, सप्टेंबरात जोहान्सबर्गचा. जाहिरातीतला मोठा सन्मान म्हणजे लोअरीज, १९७८ पासूनचा. लोअरी हा इथला पक्षी, आणि त्यातला करडा ओरडतो ते 'गो अवे, गो अवे' असं ऐकू येतं. पुरस्काराला हे नाव कुणी ठेवलं असेल त्याची विनोदबुद्धी मला आवडते. जुन्या कामांतलं एक जरूर शोधून बघा : २००९ साली इथल्या हंट लास्करिस या एजन्सीने 'द झिम्बाब्वियन' या वर्तमानपत्रासाठी पोस्टर छापले ते खऱ्या झिम्बाब्वे डॉलरच्या नोटांवर, कारण महागाईने नोट कागदापेक्षा स्वस्त झाली होती. कल्पना सुचायला ब्रीफ नव्हे, बाजारभाव लागला.

एक चूक मात्र करू नका. 'आफ्रिकन टच' म्हणून इथल्या एन्देबेले लोकांची नक्षी उचलून पॅकेजिंगवर टाकू नका. १९९१ साली बीएमडब्ल्यूच्या गाडीवर ती रंगवणाऱ्या एस्थर माहलांगू आपल्या आजी-आईकडून दहाव्या वर्षापासून ते शिकल्या. बाहेरून आलेला माणूस ती कॉपी करतो तेव्हा इथल्यांना जे वाटतं ते, पालघरच्या कुणाला प्रत्येक कॅफेच्या भिंतीवर नाचणारी वारली माणसं बघून वाटत असेल तेच. नक्षी हवीच असेल तर ती करणाऱ्याला कामावर घ्या आणि नाव छापा. डर्बनला टेलिफोनच्या रंगीत तारांच्या टोपल्या विणणाऱ्या बायका भेटतील. किंमत सांगतील ती द्या. क्रॉफर्ड मार्केटची घासाघीस तिथे करू नका, एक टोपली विणायला दिवसच्या दिवस जातात.

राहता राहिली तूरडाळ. फोर्ड्सबर्गला जा, पोहे, हिंग, गोडा मसाल्याला लागणारं दगडफूलसुद्धा मिळतं. शेजारचा ओरिएंटल प्लाझा बघून नुसता मॉल समजू नका. वर्णभेदाच्या काळात पेजव्ह्यू या वस्तीतून हुसकलेल्या भारतीय दुकानदारांना तिथे आणून बसवलं होतं. कापडाच्या दुकानात 'श्वेश्वे' मागा, निळं छापील सुती कापड, सोथो राजा मोश्वेश्वेच्या नावाचं. आईला पाठवायला चांगलं आहे. नवं असताना ते खळीने कडक असतं, धुतलं की मऊ पडतं, हे तिला आधी सांगून ठेवा, नाहीतर माझ्या आईसारखी फोनवर ऐकवेल.