पाय कापल्यानंतर या चुका टाळा (आधी ती उशी काढा!)

स्टंपखाली, म्हणजे कापल्यावर उरलेल्या पायाखाली, ठेवलेली उशी आत्ताच्या आत्ता काढा. घरातलं कुणीतरी मायेने ठेवतंच, पेशंटलाही बरं वाटतं, आणि गुडघा वाकलेल्या अवस्थेतच आखडत जातो. एक तरुण पोरगा आलेला, अपघातात गुडघ्याखाली पाय गेला होता, जखम मस्त भरलेली, स्वतःचा गुडघा शाबूत म्हणजे नशीबच, पण घरी सगळा वेळ पाय उशीवर नाहीतर खुर्चीतून लटकत. मला मोबाईलवर बायोनिक पायाचे व्हिडिओ दाखवत होता, कधी बसवायचा म्हणून मागे लागलेला, आणि इकडे मी जोर लावूनही त्याचा गुडघा सरळ होईना. मग कित्येक आठवडे नुसतं स्ट्रेचिंग आणि स्प्लिंट (गुडघा सरळ धरणारा आधार). पाय कितीही भारी घ्या हो, आखडलेला सांधा तो सोडवत नाही. बसताना स्टंपखाली फळी ठेवा, गुडघा सरळ. मांडीतून कापला असेल तर दिवसातून 2-3 वेळा 20 मिनिटं पालथं झोपा, कंटाळा आला तरी.

बँडेज गोल गोल गुंडाळू नका, तिरकं, आठच्या आकड्यात, टोकाला घट्ट आणि वर सैल.

दुसरं दुखणं म्हणजे सॉकेट (कृत्रिम पायाचा स्टंप बसतो तो साचा) सैल झाला की लगेच "पाय चुकीचा बनवलाय" म्हणणारे. अहो, स्टंप दिवसभरात बारीक होतो, सुरुवातीच्या महिन्यांत तर जास्तच, तेव्हा स्टंपवरच्या मोज्याचा एक प्लाय, म्हणजे जाडीचा एक थर, वाढवून बघा. मी पेशंटला जादा मोजा जवळ ठेवायलाच लावतो. आत कापूस कोंबायचा जुगाड करू नका, नेमका तिथेच फोड येतो. कृत्रिम पाय उतरवल्यावर स्टंपची मागची बाजू आरशात बघा, लाली 10-15 मिनिटांत गेली नाही तर पाय परत न घालता दाखवायला या.

लायनर, म्हणजे सॉकेटच्या आत स्टंपवर चढवायचं मऊ आवरण, रोज धुवा.

नसलेला पाय दुखतो म्हणजे वेड लागलेलं नाही, लपवू नका. औषधं आहेत, मिरर थेरपीने (आरशात चांगल्या पायाचं प्रतिबिंब बघत व्यायाम) काहींना फरक पडतो, आणि कापलेली नस (नर्व्ह) जवळच्या स्नायूला जोडायची सर्जरीही आहे, ती 2002 च्या सुमारास आली कृत्रिम हात चालवण्यासाठी, दुखणं कमी होतं हे नंतर लक्षात आलं.

आणि सॉकेट टोचतो म्हणून थेट हाडात रॉड बसवून त्यालाच कृत्रिम पाय जोडायला निघालेले! स्वीडनमध्ये 1990 पासून करतात, चांगलं तंत्र आहे, पण वजन हळूहळू, महिनोन् महिने वाढवत न्यायचं, आणि रॉड बाहेर येतो तिथली कातडी जन्मभर सांभाळायची, नाहीतर इन्फेक्शन. ज्यांना मोजा बदलायचा कंटाळा येतो त्यांना मी हे सुचवतच नाही.

रात्री वॉकर पलंगाला टेकवूनच झोपा, अर्धवट झोपेत दोन्ही पाय आहेत समजून उठणारे पडतात आणि भरलेली जखम परत उघडते.