पगाराच्या स्लिपवर कपात दिसली म्हणजे पैसे जमा झाले असं नाही! एनपीएसवाल्यांनो, या चुका टाळा

१ नोव्हेंबर २००५ पासून पुढे महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत लागलेले आपण बहुतेक जण एनपीएसवाले (राष्ट्रीय पेन्शन योजना), त्यातले जुने आधी डीसीपीएसवाले (राज्याची अंशदान पेन्शन योजना) होते. मोर्च्यात "एकच मिशन जुनी पेन्शन" ओरडायला सगळे पुढे (मीही होतो), पण स्वतःचं प्रान खातं (एनपीएसमधलं आपल्या कायमच्या नंबरचं खातं) उघडून बघायचं म्हटलं की दहातले आठ जण म्हणतात, पासवर्ड विसरलोय.

सगळ्यात मोठी चूक हीच. स्लिपवर कपात दिसते म्हणजे पैसे पोचले असं आपण धरून चालतो, पण स्लिप फक्त सांगते की तुमच्याकडून घेतले. पुढे बिल ट्रेझरीत जातं, तिथून कुणाच्या प्रानला किती याची माहिती आणि पैसे दोन्ही वर एनपीएसच्या यंत्रणेकडे जातात, दोन्ही जुळले तरच तुमच्या खात्यात युनिट (फंडातले हिस्से) पडतात, आणि तेही ज्या दिवशी पैसे पोचले त्या दिवशीच्या भावाने, ज्या महिन्यात कापले त्या महिन्याच्या नाही. म्हणजे उशीर कुणाचाही असो, फटका तुम्हाला.

आमच्या ऑफिसातल्या एका मॅडमची बदली झाली, नव्या ठिकाणी बिलात प्रानचा एक आकडा चुकला आणि सात महिने कपात चालू, खात्यात शून्य. कळलं कधी, तर मुलीच्या लग्नासाठी पैसे काढायला गेल्या तेव्हा! मग सात महिन्यांच्या स्लिपा, व्हाउचर नंबर, डीडीओचं (पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याचं) पत्र आणि ट्रेझरीच्या चकरा, सगळं आलंच.

म्हणून वर्षातनं दोनदा तरी ट्रान्झॅक्शन स्टेटमेंट काढा आणि स्लिपांशेजारी ठेवून महिना-महिना ताडून बघा. त्यात तुमचा हिस्सा वेगळा आणि सरकारचा वेगळा दिसतो. बेसिक अधिक डीए यावर तुमचे १० टक्के आणि सरकारचे १४ टक्के. समजा बेसिक ४०,००० आणि डीए २०,०००, तर तुमचे ६,००० आणि सरकारचे ८,४००. घरभाडं यात धरायचं नाही, बरेच जण ग्रॉसवर हिशोब करतात आणि उगाच बिल क्लार्कशी भांडतात. डीएचा फरक मिळाला की त्यातूनही कपात होते, ती जमा झाली का हे तर कुणीच बघत नाही. महिना गायब दिसला तर तोंडी सांगू नका, महिना आणि रक्कम टाकून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

जिल्हा परिषदेतून राज्य सरकारात किंवा बँकेतून इकडे आलेल्यांची एक वेगळीच चूक म्हणजे नवीन प्रान काढणं. अहो, १२ आकडी नंबर जन्मभर एकच, नोकरी बदलली तर तोच शिफ्ट करायचा! आणि ज्यांची जुनी डीसीपीएसची रक्कम आहे त्यांनी जुन्या स्लिपा अजिबात रद्दीत टाकू नका, पुरावा तोच.

टॅक्सचं थोडक्यात सांगतो. जुन्या रिजीममध्ये (करपद्धतीत) पीएफ, एलआयसी वगैरेने दीड लाख भरले असतील तर आपल्याच १० टक्क्यांतले ५०,००० पर्यंत एनपीएसच्या जादा वजावटीत (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८०सीसीडी १बी) दाखवता येतात, त्यासाठी वेगळे पैसे भरायची गरज नाही. नव्या रिजीममध्ये आपल्या हिश्श्यावर काहीच सूट नाही, फक्त सरकारच्या १४ टक्क्यांवर मिळते. पण तो हिस्सा आधी उत्पन्नात मिळवावा लागतो आणि मग वजा होतो. काही जण मिळवतच नाहीत, नुसता वजा करतात, आणि मग नोटीस आली की घाबरतात.

मधेच पैसे काढायचे असतील तर २५ टक्के म्हणजे फक्त स्वतः भरलेल्या रकमेचे, सरकारचा हिस्सा आणि वरची वाढ त्यात येत नाही. खात्यात १२ लाख दिसतात म्हणून ३ लाख मिळतील असं धरून घराच्या बिल्डरला शब्द देऊ नका.

आणि नॉमिनी. नोकरीला लागताना आईचं नाव टाकलं, मग लग्न झालं, पोरं झाली, फॉर्म तसाच. लग्नाआधीचं नॉमिनेशन लग्नानंतर बाद धरतात, नवीन भरावं लागतं. लॉगिन करून पाच मिनिटांत भरता येतं, फक्त पासवर्ड आठवला पाहिजे.