पोरं कमी झाली म्हणताय? आकडा सांगण्याआधी या चुका टाळा

जूनमध्ये शाळेचा पट भरायला घेतला की आमच्या बेळगाव-खानापूर भागात एकच सूर निघतो, "पोरंच उरली नाहीत की ओ." मग एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत कुणीतरी मोबाईलवरून देशातल्या मुलांचा टक्का वाचून दाखवतो आणि सगळे माना डोलावतात. मी शिक्षक. २०११ च्या जनगणनेत खानापूर तालुक्यातल्या एका गावात प्रगणक होतो. खालच्या चुकांपैकी निम्म्या मी स्वतः केल्यात.

पहिली चूक म्हणजे वाटा घटला की संख्याही घटली असं धरणं. देशात ०-६ वयाची मुलं २००१ ला १६.३८ कोटी होती, २०११ ला १६.४५ कोटी. म्हणजे संख्या किंचित वाढलीच. एकूण लोकसंख्येतला त्यांचा वाटा मात्र १५.९ वरून १३.६ टक्क्यांवर आला. वाटा हा अपूर्णांक आहे. वर पोरं, खाली अख्खा गाव. म्हातारी माणसं जास्त जगली तरी तो उतरतो, त्यासाठी पाळणा थांबावा लागत नाही. आणि "दोन टक्क्यांनी घट" असं बोलताना जपा. १५.९ मधून १३.६ वजा केले तर २.३ उरतात, पण मूळ वाट्याच्या मानाने ती घट १४ टक्क्यांहून जास्त आहे. दोन्ही बरोबर, एकाच वाक्यात मिसळले की दोन्ही चूक.

"मूल" म्हणजे कितीपर्यंत, हे न विचारणं ही दुसरी. जनगणना ०-६ वेगळं काढते, कारण साक्षरता सात वर्षांपासून पुढे मोजतात. वयोगटांच्या तक्त्यात ०-१४ असतं. कायदा १८ पर्यंत मूल म्हणतो. २०११ ला ०-१४ चा वाटा सुमारे ३१ टक्के होता, म्हणजे त्याच वर्षाच्या ०-६ च्या दुपटीहून जास्त. एकाने १३.६ सांगायचं, दुसऱ्याने ३१, आणि दोघांनी चहा थंड होईपर्यंत भांडायचं, असं मी पाहिलंय. जुन्या-नव्याची तुलना करायची तर एकाच पाहणीची मालिका घ्या. नमुना नोंदणी पाहणीत (एसआरएस, म्हणजे निवडक वस्त्यांतल्या जन्ममृत्यूंची सरकारी पाहणी) ०-१४ चा वाटा १९७१ ला ४१.२ टक्के होता, २०२३ ला २४.२. तिथे जिल्ह्याचा आकडा मिळत नाही. तो राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या जिल्हा पत्रकात मिळतो, पण ती फक्त घरं मोजते, वसतिगृहं आणि बराकी नाही. बेळगावसारख्या लष्करी छावणीच्या आणि कॉलेजांच्या शहरात हा फरक लहान नाही. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात शिकणारे जवान नि बाहेरून आलेले विद्यार्थी जनगणनेत खालच्या बेरजेत येतात. ते आले म्हणून शहरातल्या पोरांचा टक्का उतरला, तर त्यात बेळगावच्या आयांचा काय दोष?

आता माझी चूक. दारात बसलेल्या आजीला विचारलं, "नातू किती वर्षांचा?" ती म्हणाली, "पाचवं लागलंय की ओ त्याला." मी ५ लिहून पुढे गेलो. पाचवं लागलंय म्हणजे चार पूर्ण. गणतीला पूर्ण झालेली वर्षं हवी असतात. फॉर्मवर जन्मतारखेचा रकाना होता, घाईत तो नंतर भरू म्हटलं. संध्याकाळी कागद चाळताना दिसलं, शून्य वयाचं एकही मूल नाही. गावात पाळणे तर तीन हलताना पाहिलेले! "पहिलं चालू" असलेली सगळी बाळं मी १ वर नेऊन ठेवली होती. ही चूक साधी वाटते, पण ती एकाच बाजूला ढकलते. "सातवं लागलंय" ते सात झालं की मूल ०-६ मधून बाहेर. ०-६ म्हणजे सात वर्षांच्या सात ओळी. सगळ्यांचं वय एकाने वाढलं तर त्यातली एक ओळ, म्हणजे साधारण सातवा हिस्सा, गायब. दुसऱ्या दिवशी पुन्हा घरोघर फिरलो. तारीख आठवत नसेल तिथे विचारलं, गणपतीच्या आधी की नंतर? त्या वर्षी की आदल्या? उत्तर मिळतं. आता घरात तायी कार्ड (कर्नाटकातलं आई-बाळाच्या नोंदींचं सरकारी कार्ड) असतं, तेच मागावं.

पटावरून निष्कर्ष काढू नका, हे मी शिक्षक असून सांगतो. मराठी शाळेचा पट उतरला तर पोरं इंग्रजी माध्यमात गेली का, कुटुंबच पुण्याला किंवा गोव्याला गेलं का, हे आधी अंगणवाडीच्या रजिस्टरशी ताडून पाहावं. पहिलीच्या वयाचा नियम बदलला तरी पट हलतो. कर्नाटकात १ जूनला सहा वर्षं पूर्ण हवीत, पण २०२५-२६ पुरतं ५ वर्षं ५ महिन्यांवर सवलत दिली. असा एका वर्षाचा फुगवटा बघून "जन्म वाढले" म्हणणारे निघतातच.

जन्मदाखल्यांचं तर विचारू नका. जन्माची नोंद जन्म झाला तिथे होते, आईचं घर असेल तिथे नाही. बेळगावच्या दवाखान्यांत खानापूरच्या बाया येतात, तशा सीमा ओलांडून चंदगडच्याही. त्यात पहिलं बाळंतपण माहेरी. कोल्हापूर, गडहिंग्लजला दिलेल्या लेकी इथे येतात, बारसं करून सासरी जातात. ते बाळ आपल्या गावच्या नोंदीत, पाच वर्षांनी शाळा मात्र तिकडची. म्हणून दाखल्यांच्या संख्येला गावची लोकसंख्या लावून टक्का काढू नका. आईच्या राहत्या पत्त्यानुसार नोंदी वेगळ्या काढा, मग भागाकार.

जुन्या पुस्तकांतून जिल्ह्याचे आकडे काढणाऱ्यांसाठी एवढंच की १९५१ चा बेळगाव जिल्हा आणि १९६१ चा एकच नाही. १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. तसंच २०११ च्या तक्त्यात निपाणी तालुका शोधू नका, तो चिकोडीत आहे, कागवाड अथणीत.

जन्मदर घसरला हे खरंच आहे. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत एका बाईमागे सरासरी मुलं कर्नाटकात १.७ आणि महाराष्ट्रातही १.७. या एका बाबतीत तरी सीमेवर वाद नाही.

शेवटची भानगड तारखेची. २०११ ची गणती १ मार्चच्या मध्यरात्री ० वाजताच्या हिशेबाने होती. फेरतपासणीला गेलो तेव्हा एका घरात त्याच पहाटे जन्मलेलं बाळ होतं. आजीने ते टॉवेलात गुंडाळून पुढे केलं, "ह्याचं बी नाव लिवा." नियमाने लिहिता येईना. म्हटलं, दहा वर्षांनी येऊ. २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढची १ मार्च २०२७ च्या मध्यरात्रीची. तेव्हा त्या पोराचं पंधरा पूर्ण, सोळावं काही तासांत पुरं व्हायचं. म्हणजे ०-१४ च्या रकान्यात ते कधीच येणार नाही. हिमालयातला बर्फाळ भाग सोडला, तिथली गणती आधीच ऑक्टोबरच्या हिशेबाने होते, तर त्याच्यासोबत १ मार्च २०११ पासून पुढच्या वर्षभरात देशात जन्मलेलं एकही मूल येणार नाही.